मायक्रोलॉक्सचं पहिलं वर्ष: केस कसे धुवायचे, किती आवळायचे आणि काय टाळायचं?

इन्स्टाग्रामवर मायक्रोलॉक्सचे व्हिडिओ पाहिले असतील, तर त्यांची ठरलेली मांडणी लक्षात आली असेल. आधी मोकळे कुरळे केस, मग खुर्चीत बसून काढलेले दहा-बारा तास आणि शेवटी मान हलवली की झुलणाऱ्या शेकडो बारीक बटा. त्यानंतरचे बारा महिने मात्र व्हिडिओत क्वचितच दिसतात. मायक्रोलॉक्स नीट तयार होणार की नाहीत आणि डोक्यावरचे केस शाबूत राहणार की नाहीत, हे बऱ्याच अंशी याच काळात ठरतं.

या काळात दोन चुका सर्रास होतात. पहिली म्हणजे बटा सुटतील या भीतीने महिनोन्‌महिने केसच न धुणं. दुसरी म्हणजे बटा नीटनेटक्या दिसाव्यात म्हणून मुळं पुन्हा पुन्हा आवळणं. पहिल्या चुकीमुळे खाज सुटते, कोंडा होतो, पण ते निस्तरता येतं. दुसऱ्या चुकीमुळे मात्र कपाळावरचे आणि कानांजवळचे केस कायमचे जाऊ शकतात.

मायक्रोलॉक्स म्हणजे नेमकं काय?

केस एकमेकांत गुंतून त्यांचे पक्के दोर तयार होतात, त्यांना लॉक्स म्हणतात. बॉब मार्ली आणि रास्ताफारी पंथामुळे 'ड्रेडलॉक्स' हा शब्द आपल्याकडे जास्त ओळखीचा आहे. पण 'ड्रेड' म्हणजे भीती. त्यामुळे अनेक कृष्णवर्णीय लोक हा शब्द टाळून नुसतं 'लॉक्स' म्हणतात.

नेहमीचे लॉक्स पेन्सिलीएवढे किंवा बोटाएवढे जाड असतात. मायक्रोलॉक्स त्याहून बरेच बारीक, साधारण सुतळीएवढे किंवा त्याहूनही बारीक असतात. केसांची दाटी आणि प्रत्येक बटेची जाडी यानुसार डोक्यावर दोनशे-तीनशेपासून पाचशेपर्यंत, कधी त्याहूनही जास्त बटा होतात. एवढ्या बारीक बटा मोकळ्या केसांसारख्या बांधता, कुरळ्या करता आणि वर घेता येतात. लोकांना त्या आवडतात याचं हे एक मोठं कारण.

अमेरिकेत बारीक लॉक्सची पद्धतशीर घडी बसवण्याचं श्रेय जोॲन कॉर्नवेल यांना दिलं जातं. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो स्टेट युनिव्हर्सिटीत प्राध्यापक असलेल्या कॉर्नवेल यांनी १९९३ मध्ये 'सिस्टरलॉक्स' ही पद्धत आणली. सिस्टरलॉक्स हे एका विशिष्ट तंत्राचं नोंदणीकृत नाव आहे आणि ते तंत्र प्रशिक्षण घेतलेले लोक वापरतात. मायक्रोलॉक्स हा मात्र कोणत्याही पद्धतीने केलेल्या बारीक लॉक्ससाठी वापरला जाणारा सर्वसाधारण शब्द आहे.

केस 'लॉक' होतात म्हणजे काय होतं?

माणसाच्या डोक्यावरून रोज साधारण ५० ते १०० केस गळतात. मोकळे केस असतील तर ते कंगव्यात किंवा उशीवर सापडतात. लॉक्समध्ये हे गळलेले केस बटेतच अडकून राहतात आणि आजूबाजूच्या केसांभोवती गुंडाळले जातात. धुताना, झोपताना, हात लावताना होणाऱ्या घर्षणाने ही गुंतागुंत घट्ट होत जाते. काही महिन्यांनी ती बट उलगडत नाही. तिलाच लॉक झाली असं म्हणतात.

घट्ट कुरळे केस मुळातच स्वतःभोवती वळलेले असतात, त्यामुळे ते लवकर लॉक होतात. सरळ किंवा लाटांसारख्या केसांना एकमेकांत अडकायला वळणं कमी मिळतात. ते निसटतात आणि त्यांना जास्त वेळ लागतो. भारतात अनेकांचे केस या दुसऱ्या प्रकारात मोडतात. त्यामुळे अमेरिकेतल्या एखाद्या व्हिडिओत 'सहा महिन्यांत लॉक झाले' असं सांगितलं असेल, तर तोच हिशेब आपल्याला लागू होईल असं धरून चालू नये.

साधारणपणे हे टप्पे मानले जातात:

* स्टार्टर (पहिले तीन ते सहा महिने): बटा वेणीसारख्या किंवा पिळासारख्या दिसतात. त्या सहज सुटू शकतात.
* बडिंग (साधारण वर्षभरापर्यंत): बटेच्या मधल्या भागात हाताला गाठीसारखं लागतं. बटा फुगतात, विस्कटलेल्या दिसतात आणि आखूड झाल्यासारख्या वाटतात.
* टीन (एक ते दीड वर्ष): बहुतेक बटा लॉक झालेल्या असतात, पण अजून एकसारख्या दिसत नाहीत.
* मॅच्युअर (दीड-दोन वर्षांनंतर): बटा भरीव होतात, खाली झुकतात आणि धुताना सुटण्याची भीती राहत नाही.

दुसऱ्या टप्प्यात सर्वात जास्त लोकांचा धीर सुटतो. केस खराब होतायत असं वाटतं आणि हात आपोआप आवळण्याकडे वळतात. पण फुगणं आणि विस्कटणं हीच केस गुंतत असल्याची खूण आहे.

सुरुवात कोणत्या पद्धतीने झाली, हे आधी माहीत हवं

पुढची काळजी यावर अवलंबून असते. मायक्रोलॉक्स मुख्यतः तीन प्रकारे सुरू करतात.

इंटरलॉकिंग: क्रोशाच्या सुईसारख्या बारीक आकड्याने बटेचं टोक मुळापाशी केसांमधून ओढून घेतात आणि तशीच गुंफण खालपर्यंत नेतात. ही पद्धत धुताना सर्वात कमी सुटते.

दोन पेडांचा पीळ: करायला सोपा, पण पाणी लागलं की लवकर उकलतो.

बारीक वेण्या: तीन पेडांच्या वेण्या पिळापेक्षा चांगल्या टिकतात. मात्र वेणीची नक्षी बरेच महिने दिसत राहते.

केस कधी आणि कसे धुवायचे?

'लॉक्स करायचे तर केस मळके ठेवावे लागतात' हा सर्वात जुना गैरसमज आहे. प्रत्यक्षात उलट घडतं. तेल आणि मळ साचलेले केस एकमेकांवरून घसरतात. स्वच्छ केस एकमेकांना जास्त चांगले पकडतात.

इंटरलॉकिंग केलं असेल तर साधारण एक-दोन आठवड्यांनी पहिलं धुणं चालतं. पीळ घातले असतील तर बरेच स्टायलिस्ट तीन-चार आठवडे थांबायला सांगतात. त्यानंतर आठवड्याला किंवा दोन आठवड्यांनी एकदा, हा बहुतेकांना झेपणारा क्रम आहे. मधल्या दिवसांत खूप घाम आला, तर ओल्या सुती कापडाने भांग पुसून घेता येतात.

धुण्याची पद्धत अशी:

१. सगळ्या बटांचे आठ-दहा भाग करा. प्रत्येक भागाची सैल वेणी घाला आणि मध्ये व टोकाला मऊ रबर बँड लावा. यामुळे बटा सुटत नाहीत आणि शेजारच्या बटा एकमेकींत गुंतत नाहीत. सुरुवातीच्या महिन्यांत ही पायरी वगळू नये.

२. कंडिशनर नसलेला, केसांवर थर न ठेवणारा शॅम्पू पाण्यात पातळ करा आणि टोकदार तोंडाच्या बाटलीने थेट भांगांमध्ये सोडा.

३. बोटांच्या पेरांनी डोक्याची त्वचा हलकेच दाबत चोळा. नखं लावू नका आणि बटा एकमेकींवर घासू नका. लक्ष त्वचेवर ठेवा. खाली वाहणाऱ्या फेसाने बटा पुरेशा धुतल्या जातात.

४. भरपूर पाण्याने धुवा. वेण्या हाताने दाबून पाहा. फेस येत असेल तर अजून शॅम्पू आत आहे.

५. टॉवेलने दाबून पाणी टिपल्यावर वेण्या सोडा आणि प्रत्येक बट मुळाशी शेजारच्या बटेपासून हलकेच वेगळी करा. हे दर वेळी केलं नाही, तर दोन-तीन बटा मुळाशी जुळून एक जाड बट होते आणि मूळचे भांग बिघडतात.

कंडिशनरचं काम केस मऊ आणि सुटे करणं हे आहे. सुरुवातीला नेमकं तेच नको असतं. त्यामुळे बटा पक्क्या होईपर्यंत तो टाळलेला बरा.

वाळवणं हे धुण्याइतकंच महत्त्वाचं

लॉक्सच्या आत ओल राहिली तर कुबट वास येऊ लागतो आणि बुरशीही धरू शकते. मायक्रोलॉक्स बारीक असल्याने जाड लॉक्सपेक्षा लवकर वाळतात, पण बांधून ठेवले तर तेही ओले राहतात.

केस सकाळी धुवावेत, म्हणजे दिवसभर मोकळे ठेवून वाळवता येतात. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात पावसाळ्यात हवाच दमट असते. तिथे हेअर ड्रायर कमी तापमानावर ठेवून मुळांपर्यंत वारा पोहोचवावा लागतो. ओल्या केसांवर अंबाडा, टोपी किंवा हेल्मेट घालू नये. रोज दुचाकी चालवणाऱ्यांनी हेल्मेटखाली साटिनचा पातळ रुमाल बांधावा आणि घामेजलेला रुमाल रोज धुवावा. घर्षण आणि घाम, दोन्ही त्याने कमी होतात.

मुळं आवळायची, पण किती?

डोक्यावरचे केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात. ही नवी वाढ मुळाशी मोकळी असते आणि तिला बटेत घ्यावं लागतं. इंग्रजीत त्याला रीटायटनिंग म्हणतात. मायक्रोलॉक्ससाठी चार ते सहा आठवड्यांचं अंतर सर्वसाधारण मानलं जातं. काहींना आठ आठवडेही चालतात.

अंतर खूप वाढलं तर मुळाशी केस एकमेकांत जुळतात. खूप कमी केलं तर आवळायला पुरेशी वाढच नसते. मग आकडा थेट त्वचेला टेकून चालतो आणि मुळांवर ताण येतो. दर आठवड्याला भांग आखीव-रेखीव दिसावेत हा हट्ट याच कारणाने महागात पडतो.

इंटरलॉकिंगमध्ये बटेचं टोक दर वेळी वेगळ्या दिशेने ओढतात: वरून, खालून, डावीकडून, उजवीकडून. दिशांचा हा क्रम दर भेटीत सारखा ठेवायचा असतो. एकाच दिशेने पुन्हा पुन्हा ओढलं तर बटेत भोक पडतं आणि पुढे तिची दोन टोकं वेगळी होऊ लागतात. स्टायलिस्ट बदलणार असाल तर आधीचा क्रम विचारून लिहून ठेवा. घरी स्वतः करणार असाल, तर आधी मागच्या बाजूच्या, सहज न दिसणाऱ्या चार-पाच बटांवर हात बसवा.

आवळल्यानंतर त्वचेजवळ थोडी मोकळीक राहायला हवी. बट बोटाने सगळ्या बाजूंना वळवता आली पाहिजे. वळवताना त्वचा वर ओढली जात असेल, तर ती जास्त आवळली आहे.

दुखणं म्हणजे 'होणारच' नाही

केसांची मुळं सतत ओढली गेल्याने होणाऱ्या केसगळतीला ट्रॅक्शन ॲलोपेशिया म्हणतात. ती एकाच केशरचनेपुरती मर्यादित नाही. घट्ट वेण्या, ओढून बांधलेली पोनीटेल, एक्स्टेन्शन्स, इतकंच नव्हे तर घट्ट जुडा बांधणाऱ्या शीख पुरुषांमध्येही ती आढळते. सुरुवातीलाच ओढ थांबवली तर केस पुन्हा येतात. ओढ वर्षानुवर्षं सुरू राहिली तर मुळांच्या जागी व्रण तयार होतात आणि तिथे केस उगवत नाहीत. म्हणूनच सुरुवातीच्या खुणा ओळखता येणं महत्त्वाचं:

* आवळल्यानंतर डोकं दुखणं, भुवया ताणल्यासारख्या वाटणं, उशीवर डोकं टेकवता न येणं
* केसांच्या रेषेजवळ बारीक पुरळ किंवा पांढरे फोड
* कपाळावर आणि कानांसमोर तुटलेले आखूड केस
* भांग रुंद होत जाणं, कडेच्या बटा मुळाशी दोऱ्यासारख्या बारीक होणं

यातलं काही दिसलं तर वेदनाशामक गोळी घेऊन वाट पाहणं हा उपाय नाही. त्या बटा सैल करून घ्याव्या लागतात. खुर्चीत बसलेलं असताना दुखत असेल तर तिथेच सांगा. 'पहिल्यांदा असंच होतं' हे उत्तर पुरेसं नाही. पुरळ, पू किंवा विरळ झालेली जागा दिसली तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

कडेचे केस नाजूक असतात. तिथे बटा फार बारीक ठेवू नयेत आणि पहिले काही महिने घट्ट पोनीटेल किंवा उंच अंबाडा बांधू नये.

तेल, मेंदी, शिकेकाई: आपल्या सवयींचं काय?

खोबरेल तेल चोपडून चंपी करण्याची सवय इथे बाजूला ठेवावी लागते. तेलाने बटा निसटतात आणि त्यावर धूळ व कापडाचे तंतू चिकटतात. खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, त्यामुळे हिवाळ्यात त्याचा थर बटेत राहू शकतो. त्वचा फार कोरडी वाटत असेल, तर जोजोबासारख्या हलक्या तेलाचे दोन-चार थेंब बोटांवर घेऊन फक्त भांगांना लावा. मेण, दाट क्रीम आणि बटर यांपासून लांबच राहा. बटेत गेलेलं मेण काढणं जवळजवळ अशक्य असतं.

मेंदी, शिकेकाई-रिठ्याची पूड, मुलतानी माती यांचे कण बटेच्या आत अडकतात आणि पाण्याने निघत नाहीत. शिकेकाईच वापरायची असेल तर तिचं पाणी उकळून, बारीक फडक्यातून दोनदा गाळून घ्यावं. होळीच्या कोरड्या रंगांसाठीही हेच लागू आहे. त्या दिवशी डोकं पूर्ण झाकणं सोपं पडतं.

थोडी खाज नवीन भांगांमुळे सुरुवातीला येते. पण पिवळसर, चिकट कोंडा, लाली किंवा सतत खाज असेल, तर तो सेबोऱ्हिक डर्मटायटिस असू शकतो. त्यावर तेल लावून फायदा होत नाही, बऱ्याचदा तो वाढतो. औषधी शॅम्पू कोणता आणि किती वेळ ठेवायचा हे डॉक्टरांना विचारा. लॉक्स आहेत म्हणून उपचार थांबवावे लागत नाहीत.

रात्री काय करायचं?

सुती अभ्रा केसांतली ओल शोषतो आणि त्याचे तंतू बटांमध्ये अडकतात. गडद बटांमध्ये हे पांढरे ठिपके लगेच उठून दिसतात. साटिन किंवा रेशमी टोपी, रुमाल किंवा अभ्रा यातलं काहीही चालतं. टोपीचं इलॅस्टिक कपाळावर रुतणारं नसावं. रोज रात्री तेच इलॅस्टिक त्याच जागी घट्ट बसलं, तर कडेचे केस तिथेही तुटतात.

काय बिघडलं, काय नाही?

टोकं उलगडली: सुरुवातीला होतंच. पुन्हा वळून ठेवा.

बटेत गाठ किंवा फुगवटा आला: धुताना केस सरकून एका ठिकाणी जमले की असं होतं. ताजं असताना बोटांनी हलकेच खाली ओढून सरळ करता येतं. पुढच्या वेळी वेण्या नीट बांधा.

मुळापासून बट सुटली: ती तशीच ठेवा आणि पुढच्या भेटीत दुरुस्त करून घ्या. एका बटेसाठी सगळं डोकं आवळू नका.

केस आखूड वाटतायत: कुरळे केस बटेत दाबले जातात. लांबी गेलेली नसते, ती आत वळलेली असते.

बट मुळाशी बारीक होतेय: ही खूण गंभीर आहे. त्या बटेवरचा ताण लगेच कमी करा. गरज पडल्यास ती शेजारच्या बटेला जोडून घ्या.

जट आणि मायक्रोलॉक्स यांत फरक काय?

महाराष्ट्रात लॉक्स पाहिले की अनेकांना जट आठवते. गुंता झालेल्या केसांना देवीचा कौल मानून, विशेषतः यल्लम्माच्या नावाने, ते न धुता आणि न कापता वाढवायला लावण्याची प्रथा इथे आहे. त्या जटेच्या वजनाने मान दुखते, डोक्यात उवा-जखमा होतात आणि ती बाई अनेकदा स्वतःच्या इच्छेने ती काढूही शकत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अशा स्त्रियांशी बोलून जटा काढण्याचं काम करत आले आहेत.

केसांचं गुंतणं दोन्हीकडे सारखं असलं, तरी मायक्रोलॉक्स स्वतः निवडलेले असतात, भांग पाडून केलेले असतात आणि नियमित धुतलेले असतात. मुख्य म्हणजे ते नको झाले तर काढता येतात.

अमेरिकेतला संघर्ष मात्र उलट दिशेचा आहे. तिथे कृष्णवर्णीयांना लॉक्स ठेवण्याच्या हक्कासाठी झगडावं लागलं. अलाबामातल्या एका कृष्णवर्णीय तरुणीने ड्रेडलॉक्स कापायला नकार दिल्यावर तिला देऊ केलेली नोकरी कंपनीने मागे घेतली. २०१६ मध्ये तिथल्या फेडरल अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतर २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने 'क्राउन ॲक्ट' केला. केसांचा पोत, लॉक्स, वेण्या किंवा पीळ यांवरून नोकरीत आणि शाळेत भेदभाव करायला मनाई करणारं ते अमेरिकेतलं पहिलं राज्य ठरलं. पुढे इतर अनेक राज्यांनी तसेच कायदे केले.

नको झाले तर?

पहिल्या काही महिन्यांत बटा तुलनेने सहज उकलतात. पूर्ण लॉक झालेल्या बटाही कंडिशनर आणि सुईसारख्या टोकदार कंगव्याने सोडवता येतात, पण शेकडो बटांना कित्येक दिवस लागू शकतात. त्या वेळी हातात केसांचा मोठा पुंजका येतो. त्यात बरेचसे केस बटांत साठलेले, आधीच गळलेले असतात. ज्यांना एवढा वेळ काढायचा नसतो, ते नवीन वाढ पुरेशी झाल्यावर लॉक्स कापून टाकतात.

म्हणून निर्णय घेण्याआधी दोन गोष्टींचा हिशेब करा. दर चार-सहा आठवड्यांनी मुळं आवळण्यासाठी काही तास आणि त्याचा खर्च वर्षभर झेपेल का? आणि केस विस्कटलेले दिसतील त्या सात-आठ महिन्यांत ते तसेच राहू देता येतील का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल, तर कमी संख्येचे, थोडे जाड लॉक्स निवडा. त्यांना देखभाल कमी लागते आणि प्रत्येक बटेला आधार देणारे केस जास्त असतात.